पांढरे, करडे, काळे

बंगळुरूच्या उत्तरेला जालहळ्ळी म्हटलं की आज भारत इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत, हवाई दलाचा तळ आणि घड्याळांमुळे घरोघरी पोचलेल्या एचएमटीचं आवार डोळ्यांपुढे येतं. दुसऱ्या महायुद्धात याच परिसरात काटेरी तारांच्या आत हजारो इटालियन सैनिक राहत होते. डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तच्या वाळवंटात सिदी बर्रानीला ब्रिटिश आणि भारतीय फौजांनी इटलीच्या सैन्याचा धुव्वा उडवला. पुढच्या दोन महिन्यांत एक लाख तीस हजारांच्या आसपास सैनिक हाती लागले. एवढ्यांना इजिप्तमध्ये ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांतले साठ हजारांहून अधिक जहाजांनी भारतात आणले गेले. भोपाळजवळ बैरागड, डेहराडून, कांगड्यातलं योल आणि इकडे दक्षिणेत बंगळुरू, अशा त्यांच्या छावण्या होत्या.

या छावणीच्या आठवणी बंगळुरूने बऱ्याच हौसेने जपल्या आहेत. कैद्यांनी केलेलं बांधकाम, त्यांची गाणी, त्यांचं फुटबॉल यांवर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून नेहमी लिहून येतं. घरापासून हजारो मैलांवर जे मेले, त्यांची आठवण मुंबईत शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीतल्या इटालियन स्मारकात आहे.

त्याच वर्षांत याच शहरात आणखी एक काम चालू होतं आणि त्याचा गाजावाजा होणं शक्यच नव्हतं. दिल्लीत आनंद पर्वतावरच्या रामजस कॉलेजच्या इमारतीत ब्रिटिशांनी जपानी सांकेतिक संदेश फोडणारं केंद्र उभारलं होतं. ‘वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर’ असं वरवर निरुपद्रवी वाटणारं त्याचं नाव. त्याच्या शाखा अबोटाबाद, बराकपूर आणि बंगळुरू इथे होत्या. बंगळुरूच्या शाखेला ‘वेस्टर्न वायरलेस सिग्नल सेंटर’ म्हणत. आकाशातून येणारे संदेश टिपायचे आणि दिल्लीकडे पाठवायचे. १९४३ मध्ये जपानी लष्कराचा जलवाहतुकीचा संकेत दिल्लीच्या केंद्रात फुटला. तो फोडणाऱ्यांपैकी विल्फ्रिड नॉइस पुढे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होता.

म्हणजे युद्धकाळातल्या बंगळुरूत कैदीही होते आणि चोरून ऐकणारे कानही होते. या दोन्ही गोष्टी जिथे एकाच छताखाली आल्या ती जागा मात्र इथे नव्हती. ती दिल्लीच्या लाल किल्ल्यात होती, आणि तिथे ज्यांची चौकशी झाली त्यांत सर्वांत मोठी संख्या परक्या शत्रूची नव्हती. ते आपलेच जवान होते.

या चौकशी यंत्रणेचं लष्करी नाव लांबलचक होतं. तिन्ही दलांसाठी सविस्तर चौकशी करणारं संयुक्त केंद्र असा त्याचा अर्थ, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘सीएसडीआयसी’ म्हणत. त्याची सुरुवात १९३९ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये झाली आणि लवकरच ते लंडनच्या उत्तरेला ट्रेंट पार्क या आलिशान वाड्यात हललं. तिथे पकडलेल्या जर्मन सेनापतींना चांगलं खायला-प्यायला मिळे, बागेत फिरायला मिळे, वर्तमानपत्रं मिळत. शेकोटीत, दिव्यांच्या बैठकीत आणि भिंतींत मायक्रोफोन लपवलेले असत. तळघरात बसलेले श्रोते कानाला यंत्र लावून ऐकत आणि कामाचं काही कानी पडलं की तबकडीवर ध्वनिमुद्रण सुरू करत. या श्रोत्यांत हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासित बरेच होते. मार्च १९४३ मध्ये थोमा आणि क्र्युवेल या दोन सेनापतींच्या आपसातल्या गप्पांत अग्निबाणांचा उल्लेख आला. ऑगस्टमध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंड इथल्या अग्निबाणांच्या प्रयोगकेंद्रावर बाँब टाकले. नुसत्या गप्पांनी शहरं वाचू शकतात हे तेव्हा कळलं.

अमेरिकेने वॉशिंग्टनजवळ फोर्ट हंटला असंच केंद्र काढलं. त्याची ओळख फक्त ‘पोस्ट बॉक्स ११४२’ एवढीच. तिथे काम केलेली माणसं साठ वर्षं गप्प राहिली. उतारवयात बोलती झाली तेव्हा त्यांनी आवर्जून सांगितलं, की कैद्यावर हात न टाकता, बुद्धिबळाच्या पटावर त्यांना जास्त माहिती मिळाली. पण याच ब्रिटिश यंत्रणेची युद्धानंतर जर्मनीत बाड नेनडॉर्फ इथे जी शाखा होती, तिथे कैद्यांचे अतोनात हाल झाल्याचं उघड झालं आणि १९४७ मध्ये ती बंद करावी लागली. एकाच संस्थेची ही दोन रूपं आहेत. यांतलं एकच पुढे करून दुसरं झाकू नये, असं मला वाटतं.

कैरोजवळ मादी इथेही या यंत्रणेचं केंद्र होतं. वाळवंटात पकडलेल्यांपैकी ज्यांच्याकडे काही सांगण्यासारखं आहे असं वाटे, त्यांची झाडाझडती तिकडे होई. बंगळुरूपर्यंत पोचलेल्या साध्या इटालियन शिपायाकडून लष्करी माहिती मिळण्याजोगी फारशी उरलेलीच नसायची. त्याच्याबद्दल प्रश्न निराळा होता. हा मुसोलिनीचा की मुसोलिनीविरोधी? ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली आणि हा प्रश्न एका रात्रीत तातडीचा बनला. सहकार्य करायला तयार असलेले एका बाजूला, नकार देणारे दुसऱ्या बाजूला. एकाच बराकीत झोपणारी माणसं त्या दिवसापासून एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. माणसाच्या मनात काय आहे हे ठरवून त्याला एका रकान्यात बसवण्याची ही रीत लाल किल्ल्यात फार पुढे गेली.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फरेर पार्कच्या मैदानावर चाळीस-पंचेचाळीस हजार भारतीय सैनिकांना जमवून त्यांच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जपान्यांच्या हवाली केलं. जपानी मेजर फुजिवाराने कॅप्टन मोहनसिंग यांच्याकडे सूत्रं दिली. त्यातून पहिली आझाद हिंद फौज उभी राहिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मोडलीही. पुढे जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापूरला आले आणि फौज नव्याने उभी राहिली. ही सगळी कथा मराठी वाचकाला पाठ आहे. दिल्लीत बसलेल्या गुप्तहेर खात्याला मात्र १९४२ च्या मध्यापर्यंत यातलं थोडंच कळलं होतं. आपल्याच सैन्यातली हजारो माणसं समुद्रापलीकडे काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याच ऑगस्टमध्ये भारतात ‘छोडो भारत’ पेटलं.

माहिती आली ती किनाऱ्यावरून. सप्टेंबर १९४२ च्या अखेरीस केरळातल्या तानूरच्या किनाऱ्याजवळ जपानी पाणबुडीतून रबरी होडीने काही तरुण उतरले. पेनांगमधल्या हेरगिरीच्या शाळेत ते तयार झाले होते. ते लगेच पकडले गेले. इतर वाटांनी आलेलेही सापडले. मद्रासला त्यांच्यावर खटला चालला आणि १० सप्टेंबर १९४३ ला वक्कम अब्दुल खादर, सत्येंद्रचंद्र बर्धन, फौजासिंग आणि आनंदन यांना फाशी झाली. एक मुसलमान, एक बंगाली हिंदू, एक शीख, एक मल्याळी. आझाद हिंदच्या हुतात्म्यांची यादी आपण वाचतो तेव्हा ही नावं फार मागे पडतात, याची मला खंत आहे. रणांगणावर पोचण्याआधीच, बंद दाराआड झालेल्या चौकशीतून आणि बंद दाराआडच्या खटल्यातून त्यांचा शेवट झाला.

यांच्या उलट वाटेने चाललेला एक माणूसही होता. बहावलपूर संस्थानच्या फौजेतले कॅप्टन महमूद खान दुर्राणी हेर तयार करण्याच्या कामात शिरले ते ते काम आतून पोखरण्यासाठी. भारतात पाठवलेली माणसं ब्रिटिशांना आपण होऊन शरण यावीत अशी तजवीज त्यांनी केली. जपान्यांना संशय आला आणि त्यांचे भयंकर हाल झाले, तरी ते बोलले नाहीत. युद्धानंतर त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. दुर्राणी आणि वक्कम खादर एकाच कथेतले. दोघांनीही आपल्या निष्ठेची किंमत शरीराने मोजली. त्यातला कोण बरोबर हे ठरवताना आपण आज स्वतंत्र देशात बसलो आहोत, याचा विसर पडू देऊ नये.

लाल किल्ल्यातलं चौकशी केंद्र १९४२ च्या अखेरीस कामाला लागलं. १८५७ नंतर मोगलांचे महाल पाडून ब्रिटिशांनी किल्ल्यात लष्करी बराकी बांधल्या होत्या. पहारा आयता होता, तट आयते होते, आणि बाहेरच्या चांदणी चौकातल्या गर्दीला आत काय चाललंय याचा पत्ता लागण्याचं कारण नव्हतं. जपानी कैदीही इथे आणले जात, त्यांची कायमची छावणी बिकानेरला होती. जपानी सैनिकाची गंमत नव्हे, शोकांतिका अशी, की कैद होणं हीच त्याच्या लेखी अशी नामुष्की होती, की पकडलं गेल्यावर काय बोलायचं नाही हे त्याला कुणी शिकवलेलंच नसे. थोडी माणुसकी दाखवली की तो भडाभडा बोलू लागे.

भारतीय कैद्याचं तसं नव्हतं. तो आपल्या वरिष्ठांपुढे उभा होता. १९२९ च्या जिनीव्हा करारानुसार युद्धकैद्याने नाव आणि हुद्दा किंवा क्रमांक सांगितला की त्याच्यावर आणखी सक्ती करता येत नाही. बंगळुरूच्या इटालियन शिपायाला ते संरक्षण होतं. आझाद हिंदच्या जवानाला नव्हतं, कारण ब्रिटिशांच्या लेखी तो युद्धकैदीच नव्हता. तो लष्कराच्या कायद्याखालचा गुन्हेगार होता. कागदोपत्री त्याला ‘जिफ’ म्हणत, म्हणजे जपान्यांनी फितवलेला. आझाद हिंद फौज हे नाव शक्यतो उच्चारायचं नाही असा त्यामागचा दंडक.

चौकशीतून तीन गट पडत. जो मनाने ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहिला, किंवा पळून परत येता यावं म्हणूनच फौजेत शिरला, तो पांढरा. ज्याला भूल पडली, ज्याच्यावर दडपण आलं, जो बरोबरच्यांमागे गेला, तो करडा. जो समजून-उमजून आला आणि शेवटपर्यंत टिकला, तो काळा. पांढरा पुन्हा पलटणीत जाई. करड्याला घरी पाठवत. काळ्याचा पगार जप्त होई आणि त्याला बडतर्फ करत, क्वचित त्याच्यावर खटला होई.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण सगळं मर्म या करड्या रकान्यात आहे. एखाद्या खेड्यातल्या जवानाची कल्पना करा. त्याच्या सुभेदाराने फौजेत जायचं ठरवलं, म्हणून तोही गेला. छावणीत रोग आणि उपासमार होती, फौजेत निदान जेवण होतं. पुढे नेताजींचं भाषण त्याने ऐकलं आणि अंगावर काटा आला. मग इंफाळच्या डोंगरात पावसाने आणि मलेरियाने सोबती मेले. आता खुर्चीत बसलेला अधिकारी विचारतोय, तू स्वखुशीने गेलास का? यातलं कोणतं उत्तर खरं? चारही खरी आहेत. आणि जवानही खुळा नव्हता. कोणत्या उत्तराला कोणता रंग मिळतो हे बराकीत एव्हाना सगळ्यांना माहीत झालेलं असणार. भीतीने दिलेला जबाब आणि मनापासून दिलेला जबाब कागदावर सारखेच दिसतात. म्हणून करड्या माणसांची संख्या पाहून ‘बहुतेकांना फसवलं होतं’ असा निष्कर्ष काढणं मला मान्य नाही, आणि सगळे करडे मनातून क्रांतिकारकच होते हेही नाही.

चौकशी करणाऱ्यांनाही हे जाणवत होतं. लाल किल्ल्यात काम केलेला ह्यू टॉय नावाचा तरुण अधिकारी ते सगळं डोक्यात घेऊनच परतला. १९५९ मध्ये त्याने ‘द स्प्रिंगिंग टायगर’ हे सुभाषबाबूंवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. फितुरांचा म्होरक्या म्हणून ज्यांची माहिती गोळा करायची, त्या नेत्याला त्याने क्रांतिकारक म्हणून गंभीरपणे जोखलं. साध्या जवानांच्या तोंडून शेकडो कहाण्या ऐकल्याशिवाय असं पुस्तक लिहिता येत नाही.

या माहितीचा वापर ताबडतोब झाला. भारतीय पलटणींत ‘जोश’ नावाचे चर्चागट सुरू करण्यात आले. जपानी कसे आहेत, ते भारताचं काय करतील, यावर जवानांशी बोलायचं. वर्तमानपत्रांवर बंदी होती. मे १९४५ मध्ये रंगून ब्रिटिशांच्या हाती येईपर्यंत आझाद हिंद फौजेबद्दल भारतात छापून येणं जवळजवळ अशक्य होतं. जपान्यांपासून लपवण्याजोगं यात काही नव्हतं, कारण फौज त्यांच्याच शेजारी उभी होती. ही गुप्तता पाळली ती भारतीयांपासून. पंचवीस लाखांच्या भारतीय सैन्याला आपलीच माणसं समोरून तिरंगा घेऊन येताहेत हे कळू नये, यासाठी किल्ल्याचे दरवाजे बंद होते. आघाडीवर तर भारतीय आणि गुरखा सैनिक आझाद हिंदच्या माणसांना शरण येऊ देईनात, तेव्हा त्यांना बरं वागवा असे हुकूम काढावे लागले, असं ब्रिटिश सेनापती स्लिमनेच पुढे लिहिलं आहे. मेलेला माणूस चौकशीच्या कामाचा नसतो, हेही त्यामागे असेलच.

रंगून पडल्यावर शरण आलेल्यांचा ओघ लागला. तिथे मेजर जनरल लोगनाथन यांच्या हाताखालच्या पाच-सहा हजार जवानांनी शहरात लूटमार होऊ न देता शरणागती पत्करली. ऑगस्टनंतर बँकॉक आणि सिंगापूरची माणसं आली. एकूण तेवीस हजारांच्या आसपास माणसांचं हे वर्गीकरण झालं.

त्या ओघात कोकणातला एक माणूस होता. जगन्नाथराव भोसले, जन्म १९०६, सावंतवाडी संस्थानातलं तिरोडे गाव. सँडहर्स्टला शिकून मराठा पलटणीत अधिकारी झालेले, सिंगापूरला कैद झालेले आणि आझाद हिंद फौजेचे चीफ ऑफ स्टाफ. ऑगस्ट १९४५ मध्ये नेताजी बँकॉकहून शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा तिथली जबाबदारी भोसल्यांवर सोपवून गेले. फौजेची शिस्त मोडू न देता शरण जाणं, हजारो माणसांना ब्रिटिशांच्या हाती सोपवणं आणि त्यात स्वतःही असणं, हे काम त्यांच्या वाट्याला आलं. लढाई हरलेल्या सेनापतीवर कुणी पोवाडा रचत नाही. पण हे काम मला कोणत्याही चढाईपेक्षा अवघड वाटतं. १९४६ मध्ये सुटका झाल्यावर ते राजकारणात आले, १९५२ मध्ये लोकसभेवर गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत उखडलेल्या मुलांसाठी दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनमध्ये १९५४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय अनुशासन योजना सुरू केली. १९६३ मध्ये ते गेले.

१९४५ च्या अखेरीकडे ब्रिटिशांनी असा निर्णय घेतला, ज्याने तीन वर्षांची गुप्तता एका महिन्यात धुळीला मिळाली. काळ्यांपैकी तिघांवर त्यांनी उघड खटला भरला आणि तोही त्याच किल्ल्यात. कॅप्टन शाहनवाज खान, कॅप्टन प्रेमकुमार सहगल, लेफ्टनंट गुरबक्षसिंग धिल्लन. किल्ल्यात आजही एक जुनी बावडी पाहायला मिळते. किल्ल्याहूनही जुनी असावी असं जाणकार म्हणतात. उत्तर आणि पश्चिम अशा दोन बाजूंनी दगडी पायऱ्या खोल उतरतात आणि मधल्या कमानींखाली खोल्या आहेत. पाणी साठवायच्या त्या जागेला लोखंडी गज लावून तिची कोठडी केली होती. या तिघांना तिथे ठेवलं होतं. वर उन्हात बराकी, खाली ओलसर दगड.

५ नोव्हेंबर १९४५ ला सुनावणी सुरू झाली. बचावाच्या बाजूला भुलाभाई देसाई, तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू, असफ अली आणि पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा वकिली झगा चढवलेले जवाहरलाल नेहरू. राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या आरोपाबरोबर खुनाचे आरोपही लावले होते. हे देशभक्त नाहीत, आपल्याच भाईबंदांना मारणारे आहेत, असं लोकांना वाटावं ही अपेक्षा. झालं उलटंच. जी नावं सहा महिन्यांपूर्वीपर्यंत छापायला बंदी होती, ती रोज पहिल्या पानावर आली. देसाईंची प्रकृती ढासळत होती, तरी त्यांनी दोन दिवस युक्तिवाद केला. गुलाम राष्ट्राला हंगामी सरकार स्थापून स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्याने आहे, हा त्याचा गाभा. पुढच्या मे महिन्यात ते गेले. तिघांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली आणि सरसेनापती ऑकिनलेकने ३ जानेवारी १९४६ ला ती माफ केली. बडतर्फी आणि पगाराची जप्ती तेवढी कायम ठेवली. फेब्रुवारीत मुंबई बंदरात नौदलाच्या खलाशांनी बंड केलं, तेव्हा आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती.

तीन प्रसिद्ध माणसं सुटली. तेवीस हजारांचं काय झालं, हे मात्र आपण फारसं विचारत नाही. त्यांतल्या करड्या-काळ्यांना घराच्या वाटेचं तिकीट मिळालं आणि त्यांची नोकरी गेली. स्वतंत्र भारताच्या सैन्याने त्यांना परत घेतलं नाही. सैन्यात फूट नको हे कारण समजण्याजोगं होतं, पण ज्याच्या कागदावर परकीयांनी रंग लिहिला, त्याचा रंग आपल्या सरकारनेही बराच काळ तसाच वाचला. स्वातंत्र्यसैनिकांची केंद्रीय पेन्शन योजना १९७२ मध्ये आली तेव्हा आझाद हिंदच्या जवानांचाही तिच्यात समावेश झाला. तोवर १९४२ मध्ये पंचविशीत असलेला जवान पंचावन्नचा झाला होता.

या चौकशीचे अहवाल दिल्लीत आणि लंडनमध्ये अभिलेखागारांत आहेत. साध्या शिपायाने स्वतःबद्दल सांगितलेलं जे काही उरलं आहे, ते बहुतांशी याच कागदांत आहे. त्याला लिहिता येत नव्हतं, आणि घरी परतल्यावर त्याला विचारणारं कुणी नव्हतं. शत्रूच्या टंकलेखकाने उतरवलेला जबाब म्हणून तो जपून वाचला पाहिजे, पण वाचला पाहिजे. इंग्रजी अभ्यासकांनी त्यावर पुस्तकं केली. मराठीत आझाद हिंद फौजेवर लिहिणाऱ्यांनी नेत्यांच्या आठवणींवर भर दिला. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव या जिल्ह्यांत घरटी एक माणूस सैन्यात असलेली गावं आहेत. तिथल्या ज्या घरांतून कुणी मलायात गेलं आणि १९४६ मध्ये न बोलता परतलं, त्या घरांच्या ट्रंकांत बडतर्फीचे कागद अजून असतील. ते आणि अभिलेखागारातली नावं शेजारी ठेवून पाहणारा एखादा तरुण अभ्यासक मराठीतून निघाला, तर त्याला लागेल ती मदत करायला माझ्यासारखे पुष्कळ जण तयार आहेत. त्या जवानांची मुलंही आता सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवं.